हरणांसाठी खनिज चाटण: कुठे लावावे, केव्हा भरावे आणि शिकाऱ्याने कुठे थांबावे

अमेरिकेतील केंटकी आणि इंडियाना या राज्यांचा नकाशा पाहिला, तर ‘लिक’ हा शब्द नावात असलेली ठिकाणे त्यावर जागोजागी दिसतात: बिग बोन लिक, ब्लू लिक्स, फ्रेंच लिक. ‘लिक’ म्हणजे चाटण. जमिनीतून खारट पाणी जिथे पाझरते, तिथली माती चाटायला बायसन, एल्क आणि हरणे पिढ्यान्‌पिढ्या येत राहिली, त्यांच्या खुरांनी वाटा पडल्या आणि त्याच वाटांनी पुढे माणसेही तिथे पोहोचली. बिग बोन लिक येथे हिमयुगातील मॅमथ आणि मॅस्टोडॉन यांची हाडे निघाली. ती खणून काढण्यासाठी अमेरिकेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जेफरसन यांनी १८०७ मध्ये शोधप्रवासी विल्यम क्लार्क यांना पाठवले होते. ब्लू लिक्स येथे खारे पाणी उकळून मीठ काढणाऱ्या माणसांसाठी शिकारीला गेलेला प्रसिद्ध शिकारी डॅनियल बून फेब्रुवारी १७७८ मध्ये शॉनी या मूळ अमेरिकी जमातीच्या लोकांच्या हाती सापडला. मीठ, हरीण आणि शिकारी एकाच जागी येण्याची गोष्ट इतकी जुनी आहे. आज फरक एवढाच की खारट माती आपण पोत्यातून आणून ओततो, आणि म्हणूनच त्या जागी पुढे जे घडते त्याची जबाबदारी निसर्गावर ढकलता येत नाही.

हा लेख अमेरिकेत खासगी जमिनीवर पांढऱ्या शेपटीच्या हरणांसाठी, म्हणजे व्हाइटटेलसाठी, चाटण लावू पाहणाऱ्यांकरिता आहे. भारतातील वाचकाने यातली कृती करून पाहू नये, कारण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येतच वन्य प्राण्याला आमिष दाखवणे समाविष्ट आहे.

आधी नियम, मग मीठ

पोते उघडण्यापूर्वी आपल्या राज्याच्या वन्यजीव विभागाचे चालू वर्षाचे नियम वाचावेत, आणि केवळ राज्याचेच नव्हे तर आपल्या काउंटीचेही, म्हणजे राज्यातील जिल्ह्यासारख्या विभागाचेही, वाचावेत. मीठ आणि खनिजे यांना ‘आमिष’ मानायचे की नाही, याबाबत राज्याराज्यांत टोकाचा फरक आहे. टेक्सासमध्ये खासगी जमिनीवर आमिष ठेवून हरणाची शिकार करणे कायदेशीर आहे आणि तिथल्या शिकारपद्धतीचा तो रुळलेला भाग आहे. पेनसिल्व्हेनियात मात्र मीठ आणि खनिजे आमिषाच्याच यादीत मोडतात, आणि आमिष ठेवलेल्या जागी, त्याचा सारा अंश काढून टाकल्यानंतरही ३० दिवस, शिकार करता येत नाही. तिथे आमिष दुसऱ्याने ठेवले होते ही सबब पुरत नाही. जागेची पाहणी करणे आणि जमीनमालकाला विचारणे ही शिकाऱ्याचीच जबाबदारी धरली जाते. व्हर्जिनियात १ सप्टेंबरपासून जानेवारीच्या पहिल्या शनिवारपर्यंत हरणांना आकर्षित करण्यासाठी अन्न, मीठ किंवा खनिजे ठेवण्यास राज्यभर बंदी असते आणि हरणांचा झिजरोग (त्याबद्दल पुढे) सापडलेल्या काउंट्यांमध्ये ती वर्षभर लागू राहते. विस्कॉन्सिनमध्ये बंदी काउंटीनिहाय आहे आणि नवा रोगी प्राणी सापडला की बंदीचा नकाशा बदलतो, त्यामुळे गेल्या वर्षी कायदेशीर असलेले चाटण या वर्षी बेकायदा ठरू शकते.

नियमांतील एक बारकावा हमखास नजरेतून सुटतो. काही ठिकाणी निव्वळ मीठ किंवा खनिज चालते. पण त्यात गुळाची मळी, धान्याचा भुसा, सफरचंदाची चव किंवा प्रथिनांचा चारा मिसळलेला असेल, तर तो पदार्थ ‘अन्न’ या व्याख्येत जातो आणि थेट आमिष ठरतो. पोत्यावरचे हरणाचे चित्र मोठे असते आणि घटकांची यादी बारीक अक्षरांत असते. वाचायची ती यादी. शंका राहिल्यास विभागाच्या स्थानिक अधिकाऱ्याला लेखी विचारून उत्तर जपून ठेवावे.

हरीण मीठ का चाटते

वसंतात फुटणाऱ्या कोवळ्या पाल्यात पाणी आणि पोटॅशियम भरपूर असते, सोडियम मात्र अगदी अल्प. जादा पोटॅशियम शरीराबाहेर टाकताना सोडियमही वाहून जाते आणि हरणाला मिठाची अनिवार ओढ लागते. चाटणावरची गर्दी वसंतात आणि उन्हाळ्याच्या पूर्वार्धात सर्वाधिक असते, आणि शरद ऋतूत पाला रुक्ष होऊन ओकची फळे पडू लागली की ती ओसरते, त्यामागचे मुख्य कारण हेच आहे. म्हणजे हरीण चाटणावर येते ते प्रामुख्याने सोडियमसाठी. कॅल्शियम, फॉस्फरस आणि सूक्ष्म खनिजे त्या मिठाच्या सोबतीने पोटात जातात.

याच महिन्यांत शरीराची इतर खनिजांची गरजही वाढलेली असते. व्हाइटटेल नराची शिंगे दरवर्षी गळतात आणि वसंतापासून नव्याने वाढतात. ऑगस्टच्या अखेरीस ती टणक होतात आणि त्यांवरचे मखमली आवरण निघून जाते. टणक झालेल्या शिंगाचा निम्म्याहून अधिक भाग खनिजांचा असतो, त्यांत कॅल्शियम आणि फॉस्फरस प्रमुख. एवढे खनिज काही महिन्यांत केवळ चाऱ्यातून मिळत नाही, म्हणून नर ते स्वतःच्या हाडांतून, विशेषतः बरगड्यांतून, उसने घेतो आणि पुढे खाण्यातून भरून काढतो. मादीची गरज याहून दीर्घ असते. सुमारे २०० दिवसांच्या गर्भारपणानंतर बहुतेक भागांत मे-जून महिन्यांत पाडसे जन्मतात आणि पुढचे काही आठवडे तिच्या दुधातून खनिजे सतत जात राहतात. चाटणावर लावलेल्या, जनावर समोर येताच आपोआप चित्र टिपणाऱ्या कॅमेऱ्यात दूध पाजणाऱ्या माद्या इतक्या वेळा दिसतात, याचे नवल वाटू नये.

मग चाटणाने शिंगे मोठी होतात का? विक्रेते तसे सुचवतात, पण चांगली जमीन आणि पुरेसा चारा असलेल्या ठिकाणी मोकळ्या हरणांच्या बाबतीत हा दावा पक्क्या पुराव्याने सिद्ध झालेला नाही. शिंगांचा आकार मुख्यतः वय, आहार आणि वंश यांवर ठरतो. दीड वर्षाचा नर चार-साडेचार वर्षांचा होऊ दिला, तर शिंगांत जो फरक पडतो तो कोणत्याही पोत्यातून येत नाही. चाटणाचा खरा उपयोग म्हणजे हरणांची मिठाची नड भागवणे, आणि आपल्याला कळपाची ओळख करून देणे: किती माद्या, प्रत्येकीमागे किती पाडसे, नर किती आणि कोणत्या वयाचे. एवढ्यावर समाधान होत नसेल, तर तो पैसा आणि ती मेहनत जमिनीवर चांगला चारा वाढवण्यात घालावी; हरणांना त्याचा लाभ अधिक होईल.

मिश्रण

तयार चाटण विटा सोप्या असतात, पण माझी पसंती सुट्या मिश्रणाला आहे. हरणाला वरचे पुढचे दात नसतात, त्यामुळे कडक वीट त्याला कुरतडता येत नाही. ते जिभेने चाटत राहते आणि एकामागून एक अनेक जनावरांची लाळ त्याच गुळगुळीत पृष्ठभागावर साचते. सुटे मिश्रण मातीत मुरते आणि हरणे ती माती खातात. लाळेचा प्रश्न इथेही मिटत नाही, त्याकडे पुढे येऊच.

घरी करण्याचे रुळलेले प्रमाण असे आहे: गुरांसाठी मिळणारे सूक्ष्म खनिजयुक्त लाल मीठ दोन भाग, साधे जाडे मीठ एक भाग आणि डायकॅल्शियम फॉस्फेट एक भाग. डायकॅल्शियम फॉस्फेटमधून कॅल्शियम आणि फॉस्फरस मिळतात. हा पदार्थ एकटा ठेवला तर हरणे त्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत, म्हणून त्याला मिठाची सोबत लागते. भाग वजनाने मोजावेत, कारण हे पदार्थ सारख्या घनतेचे नसतात. ताडपत्रीवर फावड्याने दोन-तीनदा उलथापालथ केली की मिश्रण पुरेसे एकजीव होते. पूड बारीक असल्याने नाकातोंडावर मास्क बांधावा आणि वाऱ्याकडे पाठ करून उभे राहावे.

काय टाळावे, हे अधिक महत्त्वाचे आहे. रस्त्यावरचा बर्फ वितळवण्यासाठी विकले जाणारे मिश्रण वापरू नये. त्यात कॅल्शियम क्लोराइड किंवा इतर रसायने असू शकतात. युरिया असलेल्या गुरांच्या विटा आणि औषधी मिश्रणे पूर्णपणे टाळावीत. जवळपास मेंढ्या चरत असतील, तर तांबे असलेले मिश्रण कुंपणाबाहेर त्यांच्या तोंडी लागणार नाही याची खात्री करावी, कारण गुरांना सोसणारे तांब्याचे प्रमाण मेंढ्यांना विषारी ठरते.

जागा

हरणे जिथून आधीच येजा करतात, अशा पायवाटेच्या जवळ पण अगदी वाटेवर नाही, अशी सपाट जागा निवडावी. बसण्याची दाट झाडी आणि चरण्याची मोकळी जागा यांच्या मधला पट्टा उत्तम. चिकणमाती मिठाला धरून ठेवते. वाळूत ते दोन पावसांत खाली जाते. कुजत आलेल्या खोडाच्या बुंध्यावर मिश्रण ओतण्याची जुनी पद्धत चांगली आहे, कारण लाकूड खारटपणा शोषून घेते आणि हरणे पुढे बुंधाच कुरतडत राहतात.

पाणी जवळपास असावे, पण चाटण पाण्यात उतरू नये. ओढा, तळे किंवा पाणथळ जागा यांपासून निदान ३० मीटर अंतर ठेवावे आणि उताराची दिशा पाहूनच खड्डा ठरवावा, कारण गोड्या पाण्यात मीठ शिरले की बेडकांपासून जलवनस्पतींपर्यंत सर्वांना त्रास होतो. राखायच्या झाडाच्या मुळांवर खड्डा घेऊ नये. रस्त्यापासून जितके दूर जाता येईल तितके जावे. एक कारण वाहनांशी होणारी टक्कर हे, आणि दुसरे असे की रात्री गाडीतून प्रकाशझोत टाकून हरणे मारणाऱ्यांना रस्त्यावरून दिसणारे चाटण म्हणजे आयती सोय असते. शेजाऱ्याच्या हद्दीला चिकटून चाटण लावणे हा कायद्याने गुन्हा नसला तरी संबंध बिघडवणारा प्रकार आहे. त्याची हरणे ओढून घेण्यासाठीच ते लावले आहे असे त्याला वाटेल, आणि बहुतेक वेळा ते खरेही असेल.

किती चाटणे लावावीत? साधारण ८० ते १०० एकरांना एक पुरते. जमीन याहून लहान असेल तर एकच लावावे, किंवा लावूच नये.

खड्डा, भरणी आणि हंगाम

बर्फ वितळून जमीन मऊ झाली की, हवामानानुसार फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चपर्यंत, पहिली भरणी करावी. पालापाचोळा आणि गवत बाजूला सारून सुमारे ६० सेंटीमीटर रुंद आणि १५ सेंटीमीटर खोल खळगा काढावा, काढलेली माती तिथेच सैल करावी, तीत १० ते १२ किलो मिश्रण मिसळावे आणि वर दोन-तीन किलो मोकळे पसरावे. पहिल्या पावसानंतर खारट वास पसरतो. हरणांना जागा सापडायला काही दिवस ते काही आठवडे लागतात. या काळात रोज जाऊन पाहण्याचा मोह आवरावा, कारण माणसाचा वास आणि वर्दळ हीच तिथली सर्वात मोठी अडचण असते.

मे महिन्याच्या मध्यावर पाच-सहा किलोंची दुसरी भरणी पुरते. जुलैत माती पाहावी. हरणांनी ती खोल उकरली असेल तर थोडी भर घालावी, नाही तर तशीच ठेवावी. ऑगस्टमध्ये भरणी करू नये. गरज तेव्हा उतरणीला लागलेली असते, आणि तेव्हा ओतलेले मीठ शिकारीच्या हंगामात मातीत शिल्लक राहते. प्रत्येक भरणीची तारीख, वजन आणि घटक वहीत लिहून ठेवावेत. अधिकाऱ्याने विचारल्यास ही वही उपयोगी पडते, आणि न विचारल्यास आपल्या स्मरणशक्तीवर अंकुश राहतो.

कॅमेरा लावायचा असेल तर खड्ड्यापासून चार-पाच मीटरांवर, कमरेच्या उंचीला आणि उत्तरेकडे तोंड करून लावावा, म्हणजे उगवत्या-मावळत्या उन्हाने चित्रे पांढरी पडत नाहीत. चित्रांवरून कळपाची अचूक संख्या काढू नये. चाटणावर ठरावीक माद्या इतरांना हुसकावतात आणि काही हरणे तिकडे फिरकतही नाहीत, त्यामुळे ही चित्रे ओळखपरेडीसारखी आहेत. जनगणना म्हणून त्यांच्यावर विसंबता येत नाही.

एकाच खड्ड्यातली लाळ

चाटणाविरुद्धचा सर्वात गंभीर आक्षेप नीतीचा नाही, रोगाचा आहे. क्रॉनिक वेस्टिंग डिसीज, म्हणजे हरणांचा झिजरोग, १९६७ मध्ये कोलोरॅडोतील बंदिस्त म्यूल हरणांमध्ये प्रथम लक्षात आला. १९८१ मध्ये तो मोकळ्या एल्कमध्ये सापडला, २००२ मध्ये विस्कॉन्सिनमध्ये आढळला, आणि २०१६ मध्ये नॉर्वेतील रानटी रेनडियरमध्ये निघाल्यावर तो युरोपातही असल्याचे उघड झाले. हा रोग जिवाणू किंवा विषाणू यांमुळे होत नाही. चुकीच्या घडीत दुमडलेल्या प्रिऑन या प्रथिनामुळे होतो. प्रिऑन लाळ, मूत्र आणि विष्ठा यांतून बाहेर पडतात, मातीतील चिकणकणांना चिकटून राहतात आणि वर्षानुवर्षे संसर्गक्षम असतात. रोग झालेले हरीण दीड वर्ष किंवा त्याहून अधिक काळ निरोगी दिसते, चाटणावर येते, लाळ सोडते आणि जाते. पुढे ते खंगते, तोल जातो, तोंडातून लाळ गळते आणि मरते. लस नाही, उपचार नाही.

विस्कॉन्सिनच्या रोगग्रस्त भागात संशोधकांनी ११ चाटणांची तपासणी केली, तेव्हा त्यांपैकी ९ ठिकाणी प्रिऑन सापडले. हा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. ही आकडेवारी वाचल्यानंतर रोग सापडलेल्या काउंटीत चाटण ठेवण्याचे समर्थन मला तरी करता येत नाही, मग तिथला कायदा काहीही म्हणो. मिठाची नड भागली नाही म्हणून व्हाइटटेल हरणे नामशेष झाली नसती. चाटणाच्या आधीही ती होतीच.

गुरांचा क्षय हे दुसरे उदाहरण. मिशिगनच्या ईशान्य भागात १९९४ मध्ये शिकाऱ्याने मारलेल्या हरणात तो आढळला. हरणांची दाटी आणि त्यांना एका जागी चारा घालण्याची सवय यांमुळे रोग त्या कळपांत टिकून राहिला, असा निष्कर्ष तिथे निघाला आणि आमिषावर निर्बंध आले. याशिवाय तुडवून चिखल झालेल्या चाटणात चावऱ्या चिलटांची पैदास होऊ शकते आणि हरणांचा रक्तस्रावी ताप पसरवणारी चिलटे याच कुळातली आहेत. खड्ड्यात पाणी साचू लागले तर तो बुजवून टाकावा.

म्हणून चाटण लावण्याआधी राज्याच्या संकेतस्थळावरचा रोगाचा नकाशा पाहावा. आपली काउंटी किंवा शेजारची काउंटी त्यात असेल, तर हा लेख इथेच मिटावा आणि थेट शेवटच्या भागाकडे वळावे. नकाशात नसेल, तरी दर वसंतात भरणीपूर्वी तो पुन्हा पाहावा. हंगामात मारलेल्या हरणाची तपासणी उपलब्ध असेल तिथे करून घ्यावी आणि अहवाल येईपर्यंत मांस खाऊ नये. माणसाला हा रोग झाल्याची खात्रीशीर नोंद नाही, तरी रोगी प्राण्याचे मांस खाऊ नये अशीच अमेरिकेच्या आरोग्ययंत्रणेची सूचना आहे.

चाटणावर नेम धरावा का

थिओडोर रूझवेल्ट यांनी १८८७ मध्ये स्थापन केलेल्या बून अँड क्रॉकेट क्लबने न्याय्य पाठलागाची कल्पना अमेरिकी शिकारीत रुजवली. रात्री दिव्याच्या झोताने डोळे दिपवून मारणे, खोल बर्फात रुतलेल्या हरणाला गाठणे आणि पोहणाऱ्या जनावराला नावेतून मारणे हे प्रकार क्लबने सुरुवातीलाच वर्ज्य ठरवले. या तिन्हींत एक समान धागा आहे. जनावराच्या ज्या असहाय स्थितीत त्याची पळण्याची आणि सावध राहण्याची शक्ती चालत नाही, त्या स्थितीचा फायदा शिकाऱ्याने घेऊ नये, असा तो धागा आहे. क्लबच्या आजच्या व्याख्येतही कायदेशीरपणासोबत शिकाऱ्याला गैरवाजवी वरचढपणा मिळता कामा नये, ही अट आहे.

चाटण या कसोटीवर कुठे बसते? आमिषाच्या बाजूने बोलणारे काही मुद्दे मांडतात आणि ते फेटाळण्याजोगे नाहीत. धनुर्धारी शिकाऱ्याला २० मीटरांवर स्थिर उभे राहिलेले, कूस दाखवणारे जनावर मिळते, त्यामुळे जखमी होऊन पळालेल्या हरणांची संख्या घटते. मादी आणि शिंगे गळलेला नर यांतला फरक ओळखायला वेळ मिळतो. दाट वस्तीच्या भागांत हरणांची संख्या आटोक्यात आणायची असेल तर एका जागी बोलावणे हाच सुरक्षित मार्ग असतो. हा शेवटचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. पण ते काम संख्यानियंत्रणाचे आहे आणि त्याला शिकारीची प्रतिष्ठा देण्याचे कारण नाही.

तरीही आमिष म्हणून ओतलेला मक्याचा ढीग आणि मिठाचा खड्डा यांत मला एक फरक दिसतो. मक्याकडे हरीण आवडीने येते आणि शेजारी ओकची फळे पडली की त्याला पाठही फिरवते. मिठाकडे ते शरीराच्या नडीपोटी येते, तीही मुख्यतः दूध पाजण्याच्या आणि शिंगे वाढण्याच्या दिवसांत. नड ही हरणाची निवड नसते. कोरड्या प्रदेशात एकमेव पाणवठ्यावर दबा धरून बसण्याबद्दल अनेक शिकाऱ्यांच्या मनात जी खळखळ असते, तीच इथेही असायला हवी. नैसर्गिक चाटण असो की पोत्यातले, हरणाच्या बाजूने पाहता गरज तीच आहे. म्हणून कायदा नैसर्गिक चाटणावरच्या शिकारीला मोकळीक देत असला, तरी मी तिथेही बसत नाही.

बहुतेक उत्तरी राज्यांत हा प्रश्न हंगामच परस्पर सोडवतो, कारण शिकार सुरू होते तेव्हा चाटणावरची ओढ ओसरलेली असते. दक्षिणेत तसे नाही. दक्षिण कॅरोलिनाच्या किनारी भागात खासगी जमिनीवर हंगाम १५ ऑगस्टला उघडतो. तेव्हा उशिरा जन्मलेली पाडसे अंगावरचे ठिपके घेऊन आईमागे फिरत असतात आणि चाटणे अजून वापरात असतात. अशा ठिकाणी कायद्याची तारीख आणि स्वतःची तारीख वेगळी ठेवावी लागते. चाटणापासून निदान २०० मीटरांत मचाण बांधायचे नाही आणि चाटणाकडे जाणाऱ्या मुख्य वाटेवर दबा धरायचा नाही, हा माझा नियम आहे. अंतराचा आकडा ज्याने त्याने जमिनीच्या रचनेनुसार ठरवावा, पण मचाणावरून चाटण दिसता कामा नये.

कॅमेऱ्याबाबतही मर्यादा घालावी. जुलैत काढलेली चित्रे कळप ओळखण्यासाठी असतात. पण हरीण आत्ता या क्षणी खड्ड्यावर आले आहे असे फोनवर कळवणारा कॅमेरा शिकाऱ्याची जागरूकता यंत्राच्या हाती देतो. ॲरिझोनाने २०२२ पासून शिकारीसाठी अशा आपोआप चित्र टिपणाऱ्या ट्रेल कॅमेऱ्यांच्या वापरावर बंदीच घातली. आपल्या राज्यात बंदी नसली, तरी हंगाम उघडण्याआधी चाटणावरचा कॅमेरा उतरवावा.

पाहुणा शिकारी बोलावला असेल, तर चाटण कुठे आहे हे त्याला पहिल्या दिवशीच सांगावे. पेनसिल्व्हेनियासारख्या राज्यात न सांगितल्याने तो नकळत गुन्ह्यात अडकू शकतो, आणि इतरत्र आपल्या संयमावर त्याच्या अज्ञानामुळे पाणी पडू शकते. कोणी चाटणावर हरीण मारलेच, तर नंतर फोटो दाखवताना तसे सांगावे. ज्या गोष्टीचा उल्लेख गाळावासा वाटतो, तिच्याबद्दल आपले खरे मत काय आहे हे त्यातूनच कळते.

चाटण बंद करणे

भरणी थांबवली म्हणजे चाटण बंद झाले, असे नाही. मीठ मातीत मुरलेले असते आणि हरणे तीच माती पुढची काही वर्षे उकरत राहतात. नियमांच्या दृष्टीनेही उरलेला अंश आमिषच ठरू शकतो. म्हणून आपल्या राज्यातील शिकारबंदीचे दिवस उलटे मोजून, हंगामाच्या पुरेशा आधी, काम हाती घ्यावे.

उरलेली वीट किंवा मिश्रण आधी उचलावे. त्यानंतर हरणांनी उकरलेल्या कडेपासून हातभर बाहेरपर्यंत आणि ३० ते ४५ सेंटीमीटर खोलीपर्यंत माती काढून जाड पिशव्यांत भरावी. खारट बुंधा असेल तर तोही कापून न्यावा. रोगग्रस्त भागात ही माती शेतात पसरू नये, दुसऱ्या काउंटीत नेऊ नये. ती कुठे टाकायची हे वन्यजीव विभागाला विचारूनच ठरवावे. फावडे आणि बूट यांवरची माती पूर्ण घासून काढावी. धातूच्या स्वच्छ पृष्ठभागावरील झिजरोगाचे प्रिऑन दोन भाग घरगुती ब्लीच आणि तीन भाग पाणी यांच्या द्रावणात पाच मिनिटांत निष्क्रिय होतात, पण मातीच्या किंवा मांसाच्या थराखाली ब्लीच पोहोचत नाही, म्हणून आधी घासणे आवश्यक आहे.

खड्डा दुसऱ्या जागेच्या स्वच्छ मातीने भरून त्यावर जाड ओंडके आडवेतिडवे रचावेत किंवा मोठे दगड ठेवावेत. खोदण्यापूर्वीचा, खोदल्यानंतरचा आणि भरल्यानंतरचा असे तीन फोटो तारखेसह काढून वहीत नोंद करावी. पुढच्या मार्चमध्ये दोन आठवड्यांसाठी कॅमेरा पुन्हा तिथेच लावावा. ओंडक्यांच्या फटींत नाक खुपसणारी हरणे दिसली, तर खारट माती अजून शिल्लक आहे असे समजून ओंडके हलवावेत आणि आणखी खोल खणावे.